हात तुमचे, कपाळ त्यांचं

मंदा सिस्टरनं पहिल्याच भेटीत माझ्या तोंडावर पडदा ओढला.

आईला नुकतंच दाखल केलं होतं. गोठ्यात कालवडीनं दाव्याला हिसडा दिला, आई गव्हाणीच्या दगडावर आपटली आणि खुब्याचं हाड मोडलं. जामखेडहून गाडीत आडवी घालून तिला नगरला आणेपर्यंत माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. हॉस्पिटल मोठं होतं, खासगी होतं. नाव लिहीत नाही. घाबरतो म्हणून नव्हे. कुणाची फुकट जाहिरात करायची मला सवय नाही.

काउंटरवरच्या मुलीशी खाटेच्या भाड्यावरून घासाघीस करून मी वॉर्डात आलो, तर आईच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला. बाहेर एक बुटकी, सावळी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली नर्स हाताची घडी घालून उभी. पडद्याशीच बोलत होती. “आजी, मंदा आलेय. लुगडं बदलायचंय. येऊ का आत?” आतून काही उत्तर नाही. ती तशीच उभी.

मी म्हणालो, “ओ बाई, उभ्या काय राहिला? जावा की आत. म्हातारी कन्हतीय.”

“हाक दिलीय. व्हय म्हनू द्या.”

“आन न्हाई म्हनली तर?”

“तर जाईन. जरा वेळानं पुन्यांदा येईन. आजारी मानूस हाय, दावनीचं जनावर न्हाई.”

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, “ये बाय.” ती आत गेली. मीही मागोमाग शिरलो, तर तिनं वळून सर्रकन पडदा ओढला. कापडाचा फटका नाकाला बसला.

“मी पोरगा हाय तिचा!” मी ओरडलो.

“पोरगा हायसा, मालक न्हाई. आजींनी मला बोलावलंय.”

वॉर्डातली सगळी माणसं बघायला लागली. मी तक्रार करायला निघालोच होतो, पण पाय थबकले. पडद्याआड आई हसत होती. हाड मोडल्यापासून पहिल्यांदा हसत होती, आणि तेही माझ्यावर.

मी हेडी आहे, जनावरांचा व्यापारी. बापाकडं जमीन नव्हती. लोकांची जनावरं हाकत बाजाराला पायी नेण्यापासून मी सुरुवात केली. आज आसपासच्या बाजारांत माझ्या शब्दाला भाव आहे. आमच्या धंद्यात सौदा तोंडानं बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी रुमालाखाली काय चाललंय ते फक्त दोघांना माहीत. कुणी आगाऊपणानं रुमाल उचलून बघायला गेला, तर त्या माणसाशी बाजारात परत कुणी हात मिळवत नाही. मंदा सिस्टरचा पडदा मला या वाटेनं कळला. दुसऱ्या कुठल्या वाटेनं कुणी समजावायला आला असता, तर मी त्याचंच डोकं खाल्लं असतं. मी तिला ही रुमालाची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे अक्कल हाय तुमाला. वापरत न्हाई एवढंच.”

तिचं गाव अकोले तालुक्यात, राजूरच्याही वर डोंगरात. बाप भातशेती करायचा. नगरच्या कँटीनमधला भात तिच्या डोळ्यांसमोर आला की ती पेटायची. “ह्यो भात हाय का खडी? ह्याच्यानं रस्ता हुईल.” तिला कुणी ताई म्हटलेलं खपत नसे. “ताई घरी. हितं सिस्टर.” काम करताना ती गुणगुणायची, आणि इतकी बेसूर, की खाटेवरचे पेशंट हात जोडायचे. त्यांनी हात जोडले की ती आणखी मोठ्यानं म्हणायची. कळसूबाईवर तिची भारी भक्ती. नवरात्रात शिखर चढायला रजा पाहिजे म्हणजे पाहिजे. त्या रजेसाठी ती दरवर्षी मॅनेजरशी भांडायची आणि दरवर्षी जिंकायची, असं वॉर्डातल्या मावशी सांगत.

शेजारच्या खाटेवर एक मुसलमान म्हातारी होती. तिला सगळे चाची म्हणत. शुगर वाढून पायाला जखम झालेली, आणि रमजान चालू. चाचीनं रोजा धरला. दुसरी एखादी नर्स डाफरली असती, नाहीतर गुपचूप सलाईनमधून हवं ते देऊन मोकळी झाली असती. मंदा सिस्टर तिच्या उशाशी स्टूल ओढून बसली.

“चाची, रोजा तुमचा. त्यात मी पडनार न्हाई. पन तुमच्या पायाचं काय हुईल ते मी तोंडावर सांगनार. ऐकायचं का?”

चाची म्हणाली, “बोल.”

तिनं सगळं सांगितलं. जखम, शुगर, पाय जाण्याची भीती, काही झाकून ठेवलं नाही. चाची रडली. मग तिनंच मुलाला सांगून मशिदीतल्या मौलानांना फोन लावला. आजाऱ्याला सूट आहे, बरी झाल्यावर धर, असं ते म्हणाले. चाचीनं स्वतःच्या हातानं पाणी घेतलं. मी कौतुक करायला गेलो तर सिस्टर म्हणाली, “माझं काय त्यात? तिनं ठरवलं. न्हाई म्हनली असती तर मी घंट्याघंट्याला शुगर बघत बसले असते.”

मला हे सगळं वेळखाऊ वाटायचं. मी धंद्याचा माणूस. “सिस्टर, एकेकाला ईचारत बसलात तर काम कवा हुनार?”

“न ईचारता हात लावला की मानूस अंग आखडून धरतं. सुई वाकडी जाते, पट्टी सैल बसते. मग तेच काम पुन्यांदा करा. ईचारलं की अंग सैल सोडतं. तुमी गाईची धार काढता ना? आधी पाठीवर हात फिरवता का थेट सडाला धरता?”

सौद्यात हरलो की मी चहा पाजतो. तिच्यासाठी चहा सांगायला कँटीनला गेलो.

मग ऑपरेशनचा दिवस उजाडला.

त्या हॉस्पिटलची एक पद्धत होती. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भिंतीत एक कोनाडा, त्यात मोठ्या डॉक्टरांच्या कुलदैवताची तसबीर, समई आणि अंगाऱ्याची डबी. पेशंटची ढकलगाडी तिथं थांबायची, थिएटरचे मामा कपाळाला अंगारा लावायचे आणि मगच दार उघडायचं. मंदा सिस्टर स्वतः रोज सकाळी त्या कोनाड्यापुढं डोकं टेकवायची, अंगारा लावायची. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आईची गाडी थांबली. सिस्टर पेशंटला थिएटरवाल्यांच्या ताब्यात द्यायला बरोबर आली होती. मामांनी डबीत बोट बुडवलं. “आजी, मान जरा वर.”

“थांब,” आई म्हणाली. “मला लावू नको.”

“शुभ असतंय, आजी.”

“तुला असंल. मला न्हाई चालत.”

आम्ही बौद्ध. छप्पन सालानंतर आईच्या माहेरच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा तिच्या वडिलांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. आई लहान होती, त्यांचं बोट धरून काठावर उभी होती. त्या दिवसापासून तिनं कुठल्या देवाचा अंगारा लावला नाही, नवस केला नाही, कुणाच्या घरी तीर्थाला हात पुढं केला नाही. त्यापायी तिनं खूप ऐकून घेतलंय. बांधावर मजुरीला गेल्यावर पाटलिणीनं हौसेनं पुढं केलेलं कुंकूही तिनं लावून घेतलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशीपासून तिला कामाला बोलावणं आलं नव्हतं. हे तिनं गाडीवर पडल्या पडल्या मामांना सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, “बापाला शब्द दिलाय.”

मॅनेजर आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. “आजी, आम्ही जात-धर्म काही बघत नाही. सगळ्यांना लावतो.” त्याला खरंच वाटत होतं की तो फार मोठ्या मनाचं बोलतोय. सगळ्यांना सारखं लावलं की कुणाचा अपमान होत नाही, असा त्याचा हिशोब.

“लावा की सगळ्यांना. मला सोडून,” आई म्हणाली. “मरायचं असंल तर कोऱ्या कपाळानं मरीन.”

मॅनेजर थिएटरच्या नर्सकडं वळला आणि हळूच म्हणाला, “आत घ्या. भूल दिल्यावर लावून टाका. त्यांना कळणारसुद्धा नाही.”

माझ्या आईचे कान म्हातारपणातही तिखट आहेत. तिनं गाडीचा दांडा घट्ट पकडला. इतका वेळ ती भांडत होती, आता घाबरली. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “बाळा, मला घरी ने. मी न्हाई जायची आत. मला झोपवून हे काय करतील ते मला कळायचं न्हाई.”

ऑपरेशन न करता घरी नेली असती तर ती पुन्हा उभी राहिली नसती. डॉक्टरांनी ते आधीच साफ सांगितलं होतं. अंथरुणात पडून किती दिवस काढले असते, ते मला सांगायची गरज नाही. माझा हात मॅनेजरच्या कॉलरकडं निघाला. मध्येच माझं मनगट कुणीतरी धरलं.

“भाऊ, हात खाली घ्या. पेशंट माझी हाय.” मंदा सिस्टर. मग ती आईच्या तोंडाजवळ वाकली. “आजी, माझ्याकडं बघा. आप्रेशन पायजे का नको?”

“पायजे.”

“अंगारा?”

“नको.”

“मंग ऐका. तुमी जाग्या हुईस्तवर मी तुमच्या डोक्यापाशी उभी ऱ्हाते. एकाचं बोट तुमच्या कपाळाला लागू देनार न्हाई. चालंल?”

आईनं दांडा सोडून तिचा हात धरला. “शब्द?”

“शब्द.”

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. काय गोंधळ आहे, म्हणून त्यांनी विचारलं, मॅनेजरनं सांगितलं. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा खरोखर अडचणीत पडला. “सिस्टर, अंगाऱ्याशिवाय मी हत्याराला हात लावत नाही. हा माझा नेम आहे.”

“नेम तुमचा हाय ना, साहेब? मंग तुमी लावून घ्या. दोनदा लावा. हात तुमचे हायेत, कपाळ त्यांचं हाय.”

मॅनेजरला राहवलं नाही. “मंदाबाई, तुम्ही स्वतः रोज इथं डोकं टेकवता, आणि तुम्हीच—”

“टेकवते. उद्याबी टेकवीन. माझा देव मला पुरतो. दुसऱ्याच्या कपाळावर दाबून मोठा करायची त्याला गरज न्हाई.”

डॉक्टरांनी डबीत बोट बुडवलं. स्वतःच्या कपाळाला अंगारा लावला, तसबिरीला हात जोडले आणि म्हणाले, “घ्या आत.”

आत काय झालं ते नंतर मामांनी सांगितलं. सिस्टर हातपाय धुऊन, थिएटरचे कपडे घालून आईच्या डोक्याशी उभी राहिली. भुलीचे डॉक्टर वैतागले, “मला जागा द्या.” ती या बाजूची त्या बाजूला झाली, पण बाहेर पडली नाही. मामा हसून म्हणाले, “अहो, आम्ही काय लावनार होतो का? साहेबांनी सांगितल्यावर? पन बाई राखन करत उभी.” मी म्हणालो, “तुमी लावनार नव्हता, पन म्हातारीला कुठं म्हाईत हुतं? तिला झोपायचं हुतं तुमच्या हातात.”

आई शुद्धीवर आली. डोळे पुरते उघडलेही नव्हते, तिनं हात वर नेऊन कपाळावरून बोट फिरवलं आणि ते डोळ्यांसमोर धरलं. बोट स्वच्छ होतं. परत झोपली.

हे झालं आणि चार दिवसांत मंदा सिस्टरला मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं. परवानगीशिवाय वॉर्ड सोडला, पेशंटच्या देखत उलट बोलली, हॉस्पिटलच्या परंपरेचा अवमान केला. लेखी माफी द्या. तिनं देत नाही म्हणून सांगितलं. तिची मुलगी कॉलेजात होती, नवरा नव्हता, आणि त्या पगाराशिवाय घरात दुसरं काही येत नव्हतं. हे मला मावशींनी सांगितलं आणि माझं डोकं फिरलं.

पण डोकं फिरलं तरी मी सौद्याच्या वेळी ते खिशात ठेवतो. मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. आधी दम दिला. भूल दिल्यावर लावा हे वाक्य बाहेर गेलं तर काय होईल, हे त्याला नीट समजावलं. मग चहा मागवायला लावला. मग पाठीवर हात फिरवला. उठलो तेव्हा सौदा झाला होता: माफी नाही, कारवाई नाही, सिस्टरनं खाली कपड्यांच्या स्टोअरला जायचं, पगार तोच, आणि दोन्हीकडून तोंड बंद. इतका चांगला सौदा मी फार क्वचित केलाय.

कँटीनमध्ये जाऊन तिला सांगितलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

“तुमाला कुनी सांगितलं हुतं?”

“कुनी कशाला सांगाय पायजे? तुमी आमच्यासाठी—”

“माझा सौदा, आन रुमालाखाली माझाच हात न्हाई?”

“सिस्टर, पगार तोच ऱ्हातोय!”

“स्टोअरला जाऊन काय करू? चादरी मोजू? चादरींना ईचारावं लागत न्हाई, म्हनून तिकडं धाडत्यात मला. आन तुमी पेढे वाटल्यासारखं सांगाय आलाव.”

मीही आवाज चढवला. पोरीचं शिक्षण काय नुसत्या मानावर होणार का, असं काहीतरी बोललो. ती उठली. “भाऊ, तुमी मानूस वाईट न्हाई. पन तुमच्यात आन त्या मॅनेजरात फरक एवढाच, की तो वाकडं करतो आन तुमी चांगलं करता. ईचारत दोघंबी न्हाई.”

ते वाक्य मला आजही झोंबतं. आणि मी आजही म्हणतो, सौदा चांगला होता. तिनं तो मोडला. त्याच दुपारी जाऊन नोकरी सोडत असल्याचं सांगितलं, छातीवरची नावाची पट्टी काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. वॉर्डात येऊन एकेका खाटेशी गेली. चाचीनं तिचे दोन्ही हात डोळ्यांना लावले.

आई म्हणाली, “पोरी, माझ्यापायी तुझं वाईट झालं.”

“तुमच्यापायी न्हाई, आजी. माझ्यापायी. तुमी कपाळ राखलं, मी माझा शब्द राखला. हिशोब मिटला.”

आता ती राजूरकडं एका लहानशा दवाखान्यात आहे. पगार कमी, पण भात चांगला, असं ती म्हणते. आई काठी टेकत गोठ्यापर्यंत जाते आणि त्याच कालवडीला शिव्या देते. कालवडीची आता गाय झालीय. सुगीनंतर आई राजूरला ज्वारी पाठवते, तिकडून तांदूळ येतो. त्यांचं बोलणंही फोनवर चालतं. मला त्यात घेत नाहीत.

यंदा माझ्यावर वेळ आली. हर्नियाचं ऑपरेशन. घरचे म्हणाले, दुसरीकडं जाऊ. मी त्याच हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरचा हात चांगला आहे, हे मान्य केलं पाहिजे. बैल खणखणीत असला तर मालकाशी वैर असूनही मी तो घेतो. ढकलगाडी थिएटरच्या दाराशी थांबली. मामा तेच, थोडे थकलेले. हात डबीकडं नेण्याआधी ते माझ्यावर वाकले.

“मालक, अंगारा लावू का नको?”

मी मान उचलली. “सगळ्यांना ईचारता?”

“सगळ्यांना. आता तसा नियम हाय.”

“नको,” मी म्हणालो. ते बरं म्हणाले आणि दार उघडलं.

शुद्धीवर येऊन पुरतं बोलता यायला लागल्यावर मी पहिला फोन मंदा सिस्टरला लावला. सगळं सांगितलं. पलीकडं कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.

“ईचारत्यात ना?”

“ईचारत्यात.”

“मंग झालं. ठेवा फोन, ड्युटी हाय.”

तिचं झालं असेल. माझं नाही झालं. घरी सोडायच्या दिवशी पोटाला हात धरून जिना उतरलो, तर खाली जनरल वॉर्डाबाहेरच्या भिंतीवर काचेची नवी पाटी: ‘येथे रुग्णांच्या श्रद्धेचा व खासगीपणाचा आदर केला जातो.’ खाली हॉस्पिटलचं नाव. मॅनेजर शेजारीच उभा, आता केस पांढरे. मी विचारलं, “ही कल्पना कुनाची?”

“व्यवस्थापनाची,” तो म्हणाला. “आमचं धोरण पहिल्यापासून हेच आहे.”

मग मी तोंड उघडलं. टाके ओढत होते, तरी उघडलं. जनरल वॉर्डाच्या दारात उभा राहून, बाजारात बोलतो त्या आवाजात, मी सांगायला लागलो की हे धोरण मंदा नावाच्या एका नर्सचं आहे, राजूरच्या वरच्या डोंगरातल्या. आणि तिला इथून का जावं लागलं, तिनं कुणाच्या कपाळासाठी नोकरी सोडली. पेशंट उठून बसले. नातेवाईक कॉरिडॉरमधून आत आले. मॅनेजर माझ्या दंडाला धरून म्हणाला, “हळू बोला, साहेब. पेशंटना त्रास होतो.”

“ईचारलं का त्यांना?” मी म्हणालो.

कोपऱ्यातल्या खाटेवर पायाला वजन बांधून पडलेली एक म्हातारी होती. तिनं मान वर केली. “बोलू द्या की त्याला,” ती म्हणाली. “आमी ऐकतोय.”